बिग रेडच्या चढासाठी लांब स्विंगआर्म : माझा अनुभव

दुबई-हत्ता रस्त्यालगतच्या अल बदायरला लाल वाळूचा तो मोठा डोंगर आहे, सगळे त्याला बिग रेड म्हणतात. तिथे चढताना माझी 700 सीसी क्वाड (चार चाकांची बाईक) पुढून उचलायची. पॅडल टायर (वाळू ढकलणाऱ्या आडव्या पट्ट्यांचे टायर) टाकल्यावर तर जास्तच, कारण मागे पकड मिळाली की पुढची चाकं हवेत. थ्रॉटल सोडला की वेग मरायचा आणि गाडी अर्ध्या चढावर रुतायची.

स्विंगआर्म, म्हणजे मागचा ॲक्सल धरणारा दांडा, लांब केला की ॲक्सल मागे जातो, मग पुढची बाजू सहज उचलत नाही. आधी मी 8 इंच वाढीचा घेणार होतो. सरळ चढाला तो उत्तम, पण टेकड्यांमधल्या खळग्यांत गाडी पटकन वळत नाही, आणि मला वळणंच जास्त आवडतात. म्हणून 4 इंच वाढीचा घेतला.

4 इंचांसाठी चेन 8 इंच जास्त लागते. 520 चेनची कडी 5/8 इंचाची, म्हणजे सुमारे पावणेतेरा कड्या. कड्या समसंख्येतच जोडाव्या लागतात, म्हणून 14 वाढवल्या आणि चेनचा ताण बसवणारा ॲडजस्टर थोडा मागे घेतला. मागच्या ब्रेकची नळीही लांब घेतली.

चुकलो शॉक ॲब्सॉर्बरमध्ये. त्याची जागा तीच राहिली आणि आर्म लांबला, म्हणजे तरफ वाढली. पहिल्याच उडीला मागची बाजू दणकन खाली बसली. कडक स्प्रिंग टाकून, स्वतः सीटवर बसून सॅग (वजनाने गाडी किती खाली बसते ते) पुन्हा मोजला, तेव्हा कुठे गाडी सुधारली. स्प्रिंगचा खर्च आर्मच्या किमतीतच धरा.