स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तींसोबत संकेतस्थळाची चाचणी कशी घ्यावी

स्वयंचलित तपासणी साधनाने शंभरपैकी शंभर गुण दिले की संकेतस्थळ सुगम्य, म्हणजे अपंग व्यक्तींनाही वापरता येण्याजोगे झाले, असे सांगणारे लोक अजूनही भेटतात. असे साधन चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राचे शब्दांतील वर्णन, आहे की नाही हे पाहते. तो मजकूर ऐकून कुणाला काही उमगेल का, हे त्याला कळत नाही. ते स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारी आज्ञावली, वापरणाऱ्या माणसांकडूनच समजून घ्यावे लागते, आणि त्याची रीत पुढीलप्रमाणे आहे.

प्रथम साधन चालवून त्याने दाखवलेले सर्व दोष दुरुस्त करावेत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील रंगभेद किमान ४.५ : १, आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ असावा. त्यानंतर माउस बाजूला ठेवून केवळ टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर आणि स्पेस या कळांनी संपूर्ण काम करून पाहावे. फोकस, म्हणजे कळफलकाने सध्या निवडलेला घटक दाखवणारी खूण, कुठे दिसेनासा झाला किंवा अडकून पडला, तर चाचणी पुढे ढकलावी. जो दोष आपल्याला दहा मिनिटांत सापडतो, तो शोधायला पाहुण्यांना बोलावू नये.

सहभागी पाच-सहा पुरेत, मात्र ते रोज स्क्रीन रीडर वापरणारे असावेत. डोळस सहकाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून घेतलेली चाचणी केवळ त्याचा गोंधळ मोजते. सहभागींनी स्वतःचे यंत्र आणि स्वतःच्या सेटिंग्ज वापराव्यात. काम सांगताना पडद्यावरचे शब्द टाळावेत. बटणावर ‘नोंदणी’ असे लिहिले असेल आणि आपणही ‘नोंदणी करा’ असेच सांगितले, तर शोधण्यासारखे काही उरतच नाही.

खरी कसोटी प्रत्यक्ष सत्रात लागते. वापरसुलभतेच्या चाचणीत सहभागीला मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगण्याची पद्धत रूढ आहे, आणि माझ्या पहिल्या सत्रांत मीही तेच सांगितले. ज्या कानांनी ही व्यक्ती पडदा वाचते, त्याच कानांवर तिच्या स्वतःच्या बोलण्याचा मारा होतो, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. एक सहभागी प्रत्येक वाक्यासाठी स्क्रीन रीडर थांबवत होते, त्यामुळे वेळेची सगळी मोजमापे निरुपयोगी ठरली. दुसऱ्या सहभागी बोलत असतानाच चूक झाल्याची सूचना वाचली गेली आणि ती त्यांना ऐकू आली नाही. मी अहवालात ‘सूचना वाचली जात नाही’ असे ठामपणे लिहिले. विकासकाने ध्वनिमुद्रण लावून दाखवले तेव्हा ती सूचना त्यात स्पष्ट ऐकू येत होती.

म्हणून आता मी सहभागींना शांतपणे काम करू देतो, पडदा आणि आवाज दोन्ही मुद्रित करतो, आणि प्रत्येक काम संपताच ते मुद्रण ऐकत ‘इथे काय वाटले?’ असे विचारतो. वाचनाचा वेग कमी करण्याची विनंती कधीही करू नये, कारण वेग बदलला की वावरण्याची सवयही बदलते. निरीक्षकाला त्या वेगाने ऐकू येत नसेल, तर ती त्याची अडचण आहे: एनव्हीडीए या विंडोजवरील स्क्रीन रीडरच्या साधनांच्या मेनूत स्पीच व्ह्यूअर आहे, जो बोलला जाणारा मजकूर एका खिडकीत लिहून दाखवतो. सहभागीची परवानगी घेऊन तो सुरू ठेवावा.

सहभागी अडखळले की तोंड उघडण्याचा मोह होतो. मी मनात शंभरपर्यंत आकडे मोजतो. तोवर निम्म्या वेळा त्यांना वाट सापडलेली असते. मदत करावीच लागली, तर ते काम ‘मदतीने पूर्ण’ असे वेगळे नोंदवावे, आणि ‘वर उजवीकडे निळे बटण आहे’ असले काही सांगू नये.

नोंदी वर्गवार लावताना प्रत्येक अडथळ्याचे मूळ उत्पादनात आहे, स्क्रीन रीडरमध्ये आहे, की सहभागीच्या सवयीत, हे तपासावे. तीच पायरी स्क्रीन रीडर आणि ब्राउझर यांच्या दुसऱ्या जोडीवर, म्हणजे एनव्हीडीए आणि फायरफॉक्स यांच्याऐवजी ॲपलचा स्क्रीन रीडर व्हॉइसओव्हर आणि सफारी यांवर, करून पाहावी. दोन्हीकडे नुसते ‘बटण’ एवढेच ऐकू आले, तर कोडमध्ये त्या बटणाला नावच दिलेले नसण्याची शक्यता मोठी असते. दोष केवळ एकाच जोडीवर दिसला, तरी तो अहवालातून गाळू नये, फक्त वेगळा लिहावा.

समाधान मोजायचे असल्यास जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची वापरसुलभता मोजपट्टी वाचून दाखवावी. सहभागीने प्रत्येक विधानाला १ ते ५ पैकी गुण द्यावेत; विषम क्रमांकांच्या विधानांच्या गुणांतून १ वजा करावा, सम क्रमांकांच्या विधानांचे गुण ५ मधून वजा करावेत, आणि बेरजेला २.५ ने गुणावे. पाच जणांची सरासरी दशांशापर्यंत छापणे मात्र हास्यास्पद आहे. ज्या दोषामुळे काम पूर्णच होत नाही, तो अहवालात पहिला लिहावा, मग गुण कितीही चांगले आलेले असोत. प्रत्येक दोषाशेजारी ध्वनिमुद्रणातील वेळ, तसेच स्क्रीन रीडर आणि ब्राउझर यांची आवृत्ती नोंदवावी, म्हणजे दुरुस्तीनंतर नेमकी तीच पायरी पुन्हा तपासता येते.