आरोग्य विम्याचे दावे आणि सरकारी तिजोरी: उत्तर लिहिताना या चुका टाळा

चिपळूणच्या आमच्या अभ्यासिकेत गेल्या आठवड्यात प्रश्न दिला होता: आरोग्य विम्याच्या दाव्यांचा सरकारी पैसा कायदेमंडळ रोखू शकतं का? उदाहरण अमेरिकेचं. अकरापैकी नऊ वह्यांत एकच ओळ: ‘संसदेने निधी अडवला, देणं संपलं.’

इथेच मार्क जातात. समजा, वाशीचा दलाल बागायतदाराला म्हणाला, ‘पहिली तीन वर्षं तोट्यात वाटा उचलतो.’ पेट्या गाडीत चढल्यावर मात्र म्हणतो, ‘नफ्यातल्या बागांकडून जमेल तेवढंच देईन.’ ओबामांच्या आरोग्य कायद्यातल्या ‘रिस्क कॉरिडॉर’चं, म्हणजे विमा कंपन्यांच्या तोट्यात सरकारने वाटा उचलण्याच्या सोयीचं, २०१४ ते २०१६ या वर्षांत असंच झालं. पहिल्या वर्षाचं विमा कंपन्यांचं येणं २८७ कोटी डॉलर, नफ्यातल्या कंपन्यांकडून जमा झाले ३६ कोटी २० लाख. म्हणजे डॉलरमागे १२.६ सेंट. डिसेंबर २०१४ च्या खर्चाच्या विधेयकात काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दुसरीकडून पैसे वळवायला बंदी घातली, पण देण्याचं वचन देणारं कलम १३४२ रद्द केलंच नाही. २७ एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी नेमकं हेच धरलं: वाट बंद केली तरी देणं उभंच. रक्कम सुमारे १,२०० कोटी डॉलर.

असं कोर्टाने ठरवलेलं देणं अमेरिकी सरकार ज्यातून भागवतं, त्या ‘जजमेंट फंड’ला आरोग्य खात्याचा फंड समजू नका. १९५६ पासूनची ती कायमची तरतूद आहे; कोर्टाचा निकाल किंवा दाव्यातली तडजोड हवी, शिवाय पैसे द्यायला दुसरी सोय नसावी, तेव्हाच ती उघडते. २०१६ मध्ये विमा कंपन्यांशी तडजोडीची कुणकुण लागताच या फंडालाही कुंपण घाला म्हणून रिपब्लिकन सिनेटर उठले, ते उगाच नाही.

आपल्याकडची तुलना लिहायचीच तर नीट लिहा. कोर्टाच्या किंवा लवादाच्या निवाड्याची रक्कम राज्यात अनुच्छेद २०२(३) खाली, केंद्रात ११२(३) खाली ‘भारित’ खर्च असते, ‘दत्तमत’ नव्हे. भारित खर्चावर सभागृहात चर्चा होते, मतदान नाही. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत हे दोन शब्द पानोपानी भेटतात, तरी मुलं ती उघडत नाहीत.

एकाने महात्मा फुले योजनेचे पाच लाख ‘नुकसानभरपाईची कमाल मर्यादा’ म्हणून दिलेत. ते एका कुटुंबाला वर्षभरातल्या उपचारांचं संरक्षण आहे, कोर्टाच्या निवाड्याशी त्याचा संबंध नाही. वही परत दिली तेव्हा तो म्हणाला, ‘सर, आकडा तर बरोबर होता ना?’