वारसाने आलेला जुना ट्रॅक्टर विकताय? या चुका टाळा

वडील किंवा आजोबा गेल्यावर पत्र्याखाली उभा असलेला ट्रॅक्टर विकायचा ठरला की घरात आधी रंगाच्या डब्याची चर्चा सुरू होते. थोडे पैसे घालू, चकाचक करू, भाव येईल. येत नाही. जुना ट्रॅक्टर घेणारे गिऱ्हाईक बहुतेक वेळा स्वतःच अर्धे मिस्त्री असते. ताजा रंग दिसला की त्याला पहिली शंका येते वेल्डिंगची, दुसरी ऑइल गळतीची. शिवाय रंगारी चेसिस नंबरवरूनही ब्रश फिरवतो, मग आरटीओच्या तपासणीला तो खरवडत बसावे लागते, आणि खरवडलेला नंबर म्हणजे नवीच भानगड. चिखल धुवा, धूळ पुसा, बाकी आहे तसे दाखवा. एचएमटी 2511, महिंद्राचा बी-275, एस्कॉर्ट्सचा फोर्ड 3000 असल्या गाड्यांना हौशी गिऱ्हाईक पैसे मोजते ते मूळ बॉनेट, मूळ बिल्ला आणि न बदललेल्या पंपासाठी. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय 2016 सालीच झाला; तेव्हा कोपऱ्यात पडलेला त्याचा सुटा भाग भंगारवाल्याला देण्याआधी दोनदा विचार करा.

दुसरी घाई सेल मारायची. दोन-चार वर्षे उभ्या असलेल्या इंजिनाला नवी बॅटरी जोडून थेट सेल मारला, किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू केला, तर पिस्टनच्या चिकटलेल्या रिंगा तुटतात आणि चालू होऊ शकणारे इंजिन पूर्ण उघडून बांधायला निघते. आधी टाकीतले जुने डिझेल काढा, फिल्टर बदला, नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडा आणि इंजिन हाताने फिरते का बघा. मगच डिझेलच्या नळीतली हवा काढून सेल मारा. एअर क्लीनरचा वाडगाही उघडा, उंदरांना ती जागा फार आवडते.

गिअर बॉक्ससाठी एक सोपी तपासणी आहे. ट्रॅक्टर रात्रभर हलवू नका. सकाळी खालचा ड्रेन प्लग पूर्ण न काढता दोन आटे सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसते. आधी स्वच्छ पाणी ठिबकले आणि मागून काळे ऑइल आले, तर पावसाचे पाणी गिअरच्या दांड्याच्या फाटक्या रबरातून आत गेले आहे. ऑइल बदलून बहुधा निभावते. ऑइल दुधासारखे पांढरट असेल, तर पाणी आत असतानाच ट्रॅक्टर चालवला गेला आहे. बेअरिंग आणि हायड्रॉलिक तपासल्याशिवाय किंमत बोलू नका.

किंमत ठरवताना लोक ऑनलाइन जाहिराती बघतात. तिथे दिसते ती विकणाऱ्याने मागितलेली किंमत, व्यवहार किती रुपयांत झाला ते नव्हे. त्याऐवजी खालची पायरी आधी पक्की करा: ट्रॅक्टरचे वजन गुणिले त्या दिवसाचा भंगाराचा दर. 1,800 किलो आणि 30 रुपये धरले तर 54,000. एवढे तो बंद पडलेला असतानाही मिळायला हवेत. वरची पायरी म्हणजे तालुक्यात तेच मॉडेल चालू स्थितीत आणि कागदांसह कितीला गेले. त्यातून टायर, बॅटरी आणि इंजिनकामाचा खर्च वजा करा.

खरा पैसा अडतो कागदात. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली म्हणजे ट्रॅक्टरही आपला झाला, असे अनेकजण धरून चालतात. फेरफार जमिनीचा असतो. ट्रॅक्टर ही जंगम मालमत्ता, तिचे काम आरटीओत. मालकाच्या मृत्यूनंतर 30 दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना 31 भरून वारसाच्या नावावर करून घ्यायचे. मुदत उलटली असेल तरी आधी हेच करा. मृताच्या नावावरूनच परस्पर गिऱ्हाइकाच्या नावावर करून देतो म्हणणाऱ्या एजंटपासून चार हात लांब राहा. हिंदू वारसा कायद्याने आई, पत्नी, मुले आणि मुली सगळेच पहिल्या वर्गातले वारस आहेत, तेव्हा सासरी गेलेल्या बहिणीचे संमतीचे प्रतिज्ञापत्र इसार घेण्याआधी हातात असू द्या. नंतर तिला फोन करून सही मागितली की ट्रॅक्टरचा विषय बाजूला राहतो आणि जमिनीचा निघतो.

नंबर तीन अक्षरांच्या जुन्या मालिकेतला असेल तर तो ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर दिसतो का बघा. नसेल तर मूळ आरटीओतल्या नोंदवहीवरून नोंद चढवून घ्यावी लागते. नोंदणीची 15 वर्षे उलटून गेली असतील तर नूतनीकरणही आलेच.

कर्ज फिटलेले असले तरी बोजा दोन ठिकाणी राहतो: आरसी बुकावर आणि सातबाऱ्यावर. एक उतरवला म्हणजे दुसरा आपोआप उतरत नाही. आरसीवरच्यासाठी बँकेच्या सहीचा नमुना 35 लागतो. जुनी कर्जे पुष्कळदा भूविकास बँकेची असतात आणि त्या बँका अवसायनात गेल्या, म्हणजे गुंडाळल्या गेल्या. तिथे दाखल्यासाठी ते काम बघणाऱ्या अवसायकाकडे चौकशी करावी लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम गिऱ्हाईक शोधायच्या आधी सुरू करा.

नुसत्या स्टँपपेपरवर लिहून देऊन ट्रॅक्टर घालवणे ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नमुना 29 आणि 30 भरून नाव बदलले नाही, तर कागदावर मालक तुम्हीच. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. ताबा दिल्याची तारीख, वेळ, चेसिस नंबर आणि दोघांच्या सह्या घेऊन ठेवाच, पण नाव चढेपर्यंत गिऱ्हाइकाला थोडी रक्कम राखून ठेवू देऊ नका. उलट, पूर्ण पैसे आणि सह्या झाल्याशिवाय किल्ली देऊ नका.

ट्रॉलीचे पासिंग वेगळे असते, ती ट्रॅक्टरच्या कागदात येत नाही. पल्टी नांगर, चाकांची लोखंडी वजने आणि फण ‘असू दे बरोबर’ म्हणून सोडू नका. त्यांना स्वतंत्र गिऱ्हाईक असते.