खिडकीचं तावदान, दुसऱ्यांदा बसवलेलं

आमच्या चिपळूणच्या घराच्या खिडक्या सागवानी, आजोबांच्या वेळच्या. पावसाआधी एक तावदान तडकलं. खाचेच्या नेमक्या मापाची काच कापून आणली, चार चुका, म्हणजे बारीक खिळे, मारल्या, वर भिंतीची पुट्टी फासली. आषाढात लाकूड फुगलं आणि काच कोपऱ्यातून पुन्हा गेली. पुट्टीचं तर पीठ झालं.

दिवाळीनंतर नीट बसलो. खाचेतली जुनी लांबी, म्हणजे काच धरून ठेवणारा खडू-तेलाचा लगदा, दगड झालेली. जाड हातमोजे घालून पटाशीने खरवडली, गंजक्या चुका पकडीने उपटल्या. उघड्या लाकडाला जवसाच्या तेलाचा हात दिला, नाहीतर ते लांबीतलं तेल पिऊन टाकतं आणि लांबी भेगाळते. काच ४ मिमीची, पण या वेळी उंची-रुंदीत खाचेपेक्षा ३ मिमी कमी.

नव्या लांबीसाठी खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळायला घेतलं. आई म्हणाली, "एवढ्या मन लावून कधी कणीक मळली असतीस तर!" कणकेइतकीच घट्ट हवी, हाताला चिकटली तर भुकटी वाढवायची.

आधी खाचेत लांबीचा पातळ थर, त्यावर काच. कडेकडेने दाबायची, मधे अजिबात नाही. अर्ध्या इंची चुका ठोकताना हातोडी काचेवरून घसरवत न्यायची; उचलून मारली की संपलं. वरून लांबीचा तिरका उतार, पाणी निथळायला. रंग पंधरा दिवसांनी, लांबीवर साय धरल्यावर लावला, काचेवर केसभर चढवून.

आता शेजारच्या तावदानाची लांबी सुटायला लागली आहे. भुकटी उरलीय थोडी.