आणीबाणीतला सरन्यायाधीश समजून घ्यायचाय? आधी जन्मतारखा काढा

एलएलबीच्या प्रोजेक्टसाठी म्हणा, वक्तृत्व स्पर्धेसाठी म्हणा किंवा नुसतं काकांशी वाद घालायला म्हणा, कुणी ना कुणी विचारतंच की आणीबाणीतल्या सरन्यायाधीशांवर लिहायचंय, सुरुवात कुठून करू. मी पहिल्यांदा केली तशी करू नका. मी थेट केशवानंद भारती खटल्याचा (संसद घटना कितपत बदलू शकते, त्याबद्दलचा) निकाल उघडून बसलो होतो, सातशे पानांच्या आसपास प्रकरण आहे ते, तिसऱ्या दिवशी नाद सोडला.

आधी एक कोरा कागद घ्या आणि न्यायमूर्तींच्या जन्मतारखा लिहा. खरंच. सुप्रीम कोर्टात 65 ला रिटायर व्हावं लागतं आणि सगळ्यात सिनियर जो असेल तो सरन्यायाधीश होतो असा प्रघात, म्हणजे पुढच्या चार-पाच वर्षांत कोण कधी त्या खुर्चीत बसणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं, सरकारला तर असतंच असतं.

आता आणीबाणीतले सरन्यायाधीश अजित नाथ राय यांचं उदाहरण घेऊ. 24 एप्रिल 1973 ला केशवानंदचा निकाल लागला, 7 विरुद्ध 6, संसदेला घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही असा. राय त्या 6 मध्ये होते, म्हणजे सरकारला हवं होतं त्या बाजूला. सरन्यायाधीश सिक्री लगेच रिटायर झाले आणि 26 तारखेला शपथ घेतली राय यांनी, शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांची ज्येष्ठता डावलून. ते तिघंही 7 मध्ये होते, तिघांनी राजीनामे दिले. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. आता कागद बघा. शेलत यांचा जन्म 16 जुलै 1908 चा, म्हणजे जुलै 73 पर्यंत. हेगडे 11 जून 1909, म्हणजे जून 74. ग्रोव्हर 15 फेब्रुवारी 1912, म्हणजे फेब्रुवारी 77. आणि राय? 29 जानेवारी 1912. ग्रोव्हर यांच्यापेक्षा अडीच आठवड्यांनी मोठे! म्हणजे तिघं आपापल्या मुदतीपर्यंत राहिले असते तर राय सरन्यायाधीश न होताच घरी गेले असते. मिळाली किती, तर पावणेचार वर्षं, आणि आणीबाणी जवळजवळ सगळी त्यातच येते. हे निकालपत्राच्या एकाही पानावर सापडत नाही, कॅलेंडरवर दोन मिनिटांत सापडतं.

पण इथेच थांबून ‘सरकारचा माणूस’ असा शिक्का मारून मोकळं होऊ नका, दुसरा कागद घ्या आणि खुर्ची मिळायच्या आधीचे निकाल लिहा. 1970 च्या बँक राष्ट्रीयीकरण खटल्यात 10 विरुद्ध 1 झालं, तो 1 राय. संस्थानिकांच्या तनख्यांच्या खटल्यातही ते सरकारच्या बाजूनेच. बरं मग 1972 चं बेनेट कोलमन बघा, वर्तमानपत्रांच्या कागदावर सरकारने मर्यादा घातली होती ती उडवणारा बहुमताचा निकाल लिहिला कुणी? याच राय यांनी. त्यामुळे तो माणूस आधीपासूनच विकला गेला होता वगैरे जे लिहितात ते मला पटत नाही, पण नोव्हेंबर 75 मध्ये केशवानंदचा फेरविचार करायला त्यांनी 13 जणांचं घटनापीठ बसवलं आणि सरकारविरुद्ध उभे असलेले वकील नानी पालखीवाला यांचा युक्तिवाद झाल्यावर दोन दिवसांत ते गुंडाळलं, ते मात्र कितीही समजून घ्यायचं म्हटलं तरी जड जातं.

मग या एडीएम जबलपूर खटल्याकडे. 28 एप्रिल 1976. प्रश्न साधा, मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवता येणाऱ्या कायद्याखाली, उचललेला माणूस हेबियस कॉर्पस मागू शकतो का, म्हणजे माझी अटक कायदेशीर आहे का ते तपासा असं कोर्टाला म्हणू शकतो का. नऊ हायकोर्टं मिसाबंद्यांच्या बाजूने गेली होती, मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ त्यातलंच. सुप्रीम कोर्टाने 4 विरुद्ध 1 नाही म्हटलं. पाच नावं लिहा, राय, खन्ना, बेग, चंद्रचूड, भगवती, आणि समोर लिहा कोण कधी सरन्यायाधीश झालं. चौघं झाले, एकटे हंसराज खन्ना नाही, कारण तो 1 त्यांचा. पण चौघांना एकाच माळेत ओवू नका हां, ही चूक फार जण करतात. बेग जानेवारी 77 मध्ये खन्नांना डावलून आले. चंद्रचूड 78 मध्ये जनता सरकारच्या काळात आणि भगवती 85 मध्ये, दोघं सरळ ज्येष्ठतेने.

खन्नांचा जन्म 3 जुलै 1912 चा, म्हणजे मिळाले असते जेमतेम पाच महिने. निवडणुका 18 जानेवारीला जाहीर झालेल्या आणि त्यानंतर दहा-अकरा दिवसांत हा निर्णय, जाता जाता. पाच महिनेसुद्धा नकोत! खन्नांनी राजीनामा दिला.

सरन्यायाधीशाभोवतीची माणसंही बघा, नाहीतर भीती कसली होती ते कळत नाही. दिल्ली हायकोर्टात पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या अटकेच्या विरोधात गेलेल्या दोन न्यायमूर्तींपैकी रंगराजन यांची बदली थेट गुवाहाटीला, आणि अगरवाल यांना परत सेशन्स कोर्टात. हायकोर्टाच्या जजला खाली! अशा बातम्या कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये निकालांपेक्षा लवकर पोचतात.

शेवटची टेक्निकल गोष्ट. जबलपूर निकाल आता कायदा नाही, 24 ऑगस्ट 2017 ला प्रायव्हसीच्या खटल्यात नऊ जणांच्या पीठाने तो मोडीत काढला आणि ते लिहिणारे धनंजय चंद्रचूड म्हणजे 1976 च्या यशवंत चंद्रचूडांचा मुलगा. त्यामुळे सर्च करताना नुसतं चंद्रचूड टाकाल तर सगळा मुलगाच येणार, वाय. व्ही. टाका, आणि पुण्याचे म्हणून आपल्या माणसाला जरा सांभाळून घ्यावंसं वाटेल, तेव्हा त्यांनी लिहिलेला जबलपूरचा भाग एकदा स्वतः वाचा आणि मग ठरवा.