लष्करी वर्कशॉपमधला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक: दुकानातून येणाऱ्या या चुका टाळा

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या एखाद्या गल्लीत मोबाइल, टीव्ही, इन्व्हर्टर उघडून हात बसलेली पोरं आयटीआयचं इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचं प्रमाणपत्र घेऊन लष्कराकडे वळतात. त्यांच्या हाताबद्दल सहसा तक्रार नसते, तक्रार असते ती सवयींबद्दल. गिऱ्हाईक समोर उभं असतं, सेट चालू करायचा आणि पैसे घ्यायचे. "चालू व्हई गया ना भाऊ, मंग काय?" या हिशोबावर दुकान चालतं. लष्करी वर्कशॉपमध्ये सेट चालू झाला एवढ्यावर कोणी पाठ थोपटत नाही. तो बंद का पडला होता, तुम्ही नेमकं काय बदललं, आणि उद्या लडाखच्या थंडीत तो असाच चालेल का, हे उस्ताद विचारतो. पुढच्या बहुतेक चुका त्या एका सवयीतूनच येतात.

अर्जातच होणारी गल्लत

भुसावळ आणि वरणगाव इथे आयुध निर्माणी असल्यामुळे आपल्याकडे 'डिफेन्स' म्हटलं की फॅक्टरीच डोळ्यांपुढे येते. पण वरणगावला बंदुकांच्या गोळ्या बनतात, भुसावळला दारूगोळ्याच्या पेट्या आणि कंटेनर. १ ऑक्टोबर २०२१ पासून या दोन्ही निर्माणी सरकारी कंपन्यांकडे गेल्या आहेत, वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे आणि भुसावळ यंत्र इंडियाकडे. रेडिओ सेट, रडार, रात्री पाहण्याची उपकरणं यांची दुरुस्ती हे लष्कराच्या ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) कोअरचं काम. ही कोअर १९४३ साली उभी राहिली, तिचं मोठं प्रशिक्षण महाविद्यालय सिकंदराबादला आहे, आणि आग्र्याची ५०९ आर्मी बेस वर्कशॉप इलेक्ट्रॉनिक्ससाठी ओळखली जाते. आत जायचे रस्ते दोन: वर्दीत अग्निवीर टेक्निकल म्हणून, किंवा वर्कशॉपच्या गट-क मधला नागरी कर्मचारी म्हणून. दोन्हींच्या जाहिराती, वयाच्या अटी, परीक्षा वेगळ्या. ट्रेडचं नाव प्रमाणपत्रावर आहे तसंच अर्जात लिहा. आणि पैसे घेऊन 'आत लावून देतो' म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

सेट उघडायची घाई

दुरुस्तीतली सगळ्यात महागडी चूक ही. गाडीतला रेडिओ सेट ऐकतो, पण बोलत नाही. बटण दाबलं की बंद पडतो. नवा मेकॅनिक थेट स्क्रू काढायला घेतो. सेट निर्दोष असतो, आणि आता त्याचं सील तुटलेलं असतं.

क्रम बाहेरून आत असा ठेवा. पहिल्यांदा हँडसेट बदलून पाहा. त्याची पिळाची वायर दिवसभर ओढली जाते आणि आतून तुटते. मग पुरवठा. गाडीची लाइन २४ व्होल्टची असते. मीटर लावला, २४ च्या वर दाखवतोय, म्हणजे ठीक, असं म्हणून पुढे जाणारे खूप. पण हे माप सेट नुसता ऐकत असतानाचं. ऐकताना सेट जेमतेम करंट घेतो, बोलताना कितीतरी पट जास्त. म्हणून मीटर सेटच्या कनेक्टरपाशी लावा, दुसऱ्या माणसाला बटण दाबायला सांगा आणि त्या क्षणी काटा कुठे जातो ते पाहा. चार-पाच व्होल्ट पडले तर दोष बॅटरीच्या गंजलेल्या टर्मिनलमध्ये, ढिल्या फ्यूजमध्ये किंवा अर्थिंगच्या पट्टीखाली साचलेल्या रंगात आहे. पट्टी खरवडून घट्ट केली की सेट बोलायला लागतो.

त्यानंतर अँटेना. अँटेना किंवा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर जिरवणारा रेझिस्टर) न लावता कधीही ट्रान्समिट करू नका. बाहेर न गेलेली पॉवर परत फिरते आणि शेवटच्या टप्प्यातला ट्रान्झिस्टर जाळू शकते. टीव्हीची ७५ ओहमची केबल घरात पडलेली असते, तिला तसाच कनेक्टर ठोकून ५० ओहमच्या सेटला जोडणारे हुशारही असतात. ओहम जुळले नाहीत की थोडी पॉवर तशीच परत फिरते.

मधूनच येणारा-जाणारा दोष ही आणखी वेगळी डोकेदुखी. टेबलावर सेट तासभर चालतो, म्हणून 'दोष आढळला नाही' असं लिहून परत पाठवतात आणि आठवड्यात तो पुन्हा दारात. सेट बंद पडला तेव्हा ऊन होतं का, गाडी चालू होती का, इंजिनाचा वेग वाढला होता का, हे ऑपरेटरला विचारा. मग टेबलावर तशी परिस्थिती तयार करा: हलकेच ठोकून पाहा, गरम करा, थंड करा. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याखालचा सेट आणि पंख्याखालच्या टेबलावरचा सेट एकसारखे वागत नाहीत.

कोरडी हवा, पॉलिस्टरचा शर्ट

उन्हाळ्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी होते की प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठताना अंगावरचे केस उभे राहतात. बोटातून ठिणगी गेल्याचं आपल्याला जाणवतं, तेव्हा साधारण तीन हजार व्होल्ट होऊन गेलेले असतात. नाजूक आयसीला (चिपला) शंभरच्या आतही इजा होऊ शकते. त्यातही वाईट म्हणजे आयसी तिथल्या तिथे मरत नाही, अर्धमेली होते आणि पुढे कधीतरी चौकीवर दगा देते.

अंगावरची ही स्थिर वीज अर्थला सोडणारा मनगटी पट्टा हा उपाय सगळ्यांना माहीत आहे, पण पट्टा तुटला की साधी वायर बांधून अर्थला जोडतात. पट्ट्यात १ मेगओहमचा रेझिस्टर असतो. चुकून २३० व्होल्टला हात लागला तर तो करंट पाव मिलिअँपिअरच्याही आत रोखतो. साध्या वायरीने तुम्ही स्वतःला अर्थिंगच्या खिळ्याला बांधून घेता. जिवंत हाय व्होल्टेजवर काम असेल तेव्हा पट्टा काढूनच ठेवायचा.

हाय व्होल्टेजचा विषय निघालाच आहे, तर कपॅसिटर स्क्रू ड्रायव्हरने 'फट्' करून रिकामा करायची खोड सोडा. रेझिस्टर लावलेल्या दांडीने सावकाश रिकामा करा आणि काम संपेपर्यंत दोन्ही टोकं जोडून ठेवा. मोठा कपॅसिटर रिकामा केल्यावरही थोडं व्होल्टेज परत धरतो. रडारसारख्या कामावर एकट्याने हात घालू नका.

सोल्डर आणि त्यावरचा थर

६३/३७ चं शिसं-कथिल सोल्डर १८३ अंशाला वितळतं, शिसंविरहित सुमारे २१७ ला. मूळ बोर्ड कुठल्या सोल्डरचा आहे ते पाहूनच रीळ उचला. दोन्हींची सरमिसळ झाली की सांध्याचा भरवसा जातो. शुद्ध कथिलाच्या मुलाम्यावर केसासारखे धातूचे तंतू उगवतात आणि शॉर्ट करतात. भरवशाच्या उपकरणांत शिसं अजून टिकून आहे, त्यामागचं हे एक मोठं कारण.

डबीतली आम्लाची पेस्ट बोर्डापासून लांब ठेवा. काम झाल्यावर फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेलं द्रव्य) अल्कोहोलने पुसा. लष्करी बोर्डावर बहुधा ओल आणि धूळ अडवणारा पारदर्शक थर असतो. तो पॉलियुरेथेनचा असेल तर सोल्डरिंग आयर्नने जाळून काढू नका, धूर विषारी असतो. आणि जागा उघडी सोडू नका, त्याच जातीचा थर परत द्या. झाकण लावताना रबरी रिंग पिळली गेली किंवा ओल शोषणारं सिलिका जेल जुनंच राहिलं, तर पहिल्या पावसात पाणी आत.

'सेम टू सेम' पार्ट

दुकानात नंबर जुळला की पार्ट जुळला. इथे नाही. साधी आयसी ० ते ७० अंशांसाठी, औद्योगिक उणे ४० ते ८५, लष्करी उणे ५५ ते १२५. जळगावात तिन्ही चालतील. सियाचीनमध्ये पहिली चालेल याची हमी कोणी देत नाही. एका सेटचा बोर्ड काढून दुसऱ्याला लावणं परवानगीशिवाय तर नाहीच, आणि परवानगीने केलं तर दोन्ही सेटच्या नोंदीत दिसलं पाहिजे. 'रिपेअर केलं, ओके' ही नोंद नव्हे. लक्षण, माप, कारण, बदललेला पार्ट, नंतरचं माप, सही. मीटरवरच्या कॅलिब्रेशनच्या (अचूकतेच्या तपासणीच्या) चिठ्ठीची तारीख उलटली असेल तर ते मापही लिहू नका.

खिशातला फोन

वायर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचा, अडलं की ग्रुपवर टाकून विचारायचं, ही दुकानातली चांगली सवय इथे थेट शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ पर्यंत नेऊ शकते. यूट्यूबसाठी 'आर्मीचा सेट आतून' असा व्हिडिओ करायची हौस तर नकोच. फोन गेटवर ठेवा. वायरींना नंबरच्या चिठ्ठ्या लावा, वहीत हाताने आकृती काढा, आणि ती वहीसुद्धा सुटी होताना वर्कशॉपच्या कपाटातच ठेवून या.