सुईचे सुरक्षा-कव्हर एका हाताने कसे लावावे

इंजेक्शन देऊन झाल्यावर सुई पुन्हा टोपणात घालण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. टोपण धरलेली बोटे त्या क्षणी थेट सुईच्या टोकासमोर असतात आणि नेम किंचित चुकला तरी सुई त्यांनाच टोचते. सुरक्षा-कव्हर जोडलेल्या सुईमुळे त्या दुसऱ्या हाताची गरजच उरत नाही. मात्र हे कव्हरही कोणी दोन हातांनी बंद करू लागले, तर जास्तीचे पैसे मोजून धोका तेवढाच राहिला असे म्हणावे लागेल.

काही सुयांना सरकणारी नळी असते, काहींत दट्ट्या पूर्ण दाबताच स्प्रिंगमुळे सुई आत ओढली जाते. येथे बिजागरीवर फिरणाऱ्या कव्हरची कृती दिली आहे.

पाकीट उघडल्यावर सुई सिरिंजवर घट्ट बसवावी. त्यानंतर कव्हर सिरिंजच्या दिशेने मागे दुमडावे आणि मगच सुईवरचे टोपण सरळ रेषेत ओढून काढावे. पिळून काढल्यास सुई सैल होते आणि औषध गळते. कव्हर मिलीच्या खुणांवर येत असेल तर औषध भरण्याआधीच ते थोडे बाजूला फिरवून घ्यावे.

सुई शरीरातून बाहेर येताच, रुग्णाच्या शेजारून हलण्यापूर्वी, सिरिंज धरलेल्या हाताच्याच अंगठ्याने कव्हर पुढे ढकलावे. अंगठा संपूर्ण वेळ सुईच्या टोकाच्या मागे राहिला पाहिजे आणि टोक आपल्यापासून व रुग्णापासून दूर वळलेले असले पाहिजे. हात लहान असल्यामुळे अंगठा पोहोचत नसेल, तर कव्हर ट्रॉलीच्या कडक पृष्ठभागावर टेकवून दाबावे. गादीवर किंवा स्वतःच्या मांडीवर कदापि नाही. ‘टक्’ असा आवाज आला तरी सुई खाचेत पुरती अडकली आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे, कारण गजबजलेल्या वॉर्डात कानांवर विसंबणे बरे नव्हे. कव्हर झटक्याने बंद होताना टोकावरचा थेंब उडू शकतो, म्हणून चेहरा जवळ नेऊ नये. दुसऱ्या हाताला त्याचे काम आहेच: त्याने टोचलेल्या जागेवर कापसाचा बोळा दाबून धरावा.

बंद झालेले कव्हर पुन्हा उघडू नये. सुई तशीच, जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार धारदार वस्तूंसाठी ठरवलेल्या पांढऱ्या, अर्धपारदर्शक, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात टाकावी. हा डबा हाताच्या अंतरावर हवा आणि तीन-चतुर्थांश भरताच तो बंद करायला हवा. कव्हर अडकलेच नाही, तर खटपट करत न बसता सिरिंज सुईसकट याच डब्यात टाकावी. किडनी ट्रेमध्ये ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेली उघडी सुई शेवटी ट्रे धुणाऱ्या मावशींच्या हाताला लागते, आणि ती कोणत्या रुग्णाची होती हेही तोवर कोणाला सांगता येत नाही.

साधी सुई वापरली असेल तर ती लगेच निडल कटरमध्ये कापावी आणि सिरिंजचे प्लॅस्टिक लाल पिशवीत टाकावे. टोपण लावण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर ते ट्रेमध्ये आडवे ठेवून एका हाताने सुई त्यात सरकवावी, मग टोपणाचे बंद टोक ट्रेच्या कडेला टेकवून घट्ट करावे.

इतके करूनही सुई टोचलीच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. बोट पिळू नये, तोंडात घालू नये, त्यावर स्पिरिटही चोळू नये. वरिष्ठांना त्याच वेळी कळवावे, कारण एचआयव्ही प्रतिबंधक औषधाची गरज ठरल्यास पहिली मात्रा शक्यतो 2 तासांत, आणि उशिरात उशिरा 72 तासांच्या आत घ्यावी लागते. हिपॅटायटिस बी लसीचे 3 डोस पूर्ण झाले आहेत का, हेही तेव्हा विचारले जाते. त्यांच्या तारखा आपल्याजवळ लिहून ठेवलेल्या असाव्यात.